बैठकीची खोली सजवायचीय? रंगाचा डबा आणण्याआधी भिंतीची ओल बघा!

दिवाळी तोंडावर आली किंवा पाहुणे मुलगी बघायला येणार असले, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष बैठकीच्या खोलीकडे जातं. मग कुणी उसनवारी करतं, कुणी बचत गटातून पैसे उचलतं आणि रंगाचे डबे घरी येतात. आमच्याकडेही बहिणीच्या लग्नाआधी असंच झालं. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला ऑइलपेंट मारला. लग्नात खोली झकास दिसली. पुढच्या पावसाळ्यात मात्र भिंत खालून दोन-तीन फूट फुगली आणि रंगाचे पोपडे हातात आले. कर्जाचे हप्ते तेव्हाही चालूच होते.

तुमचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून कामाचा क्रम समजून घ्या.

आधी ओल शोधा

भिंत ओली आहे का, हे घरीच कळतं. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतच आहे.

मग बाहेर जाऊन बघा. पत्र्याचं किंवा कौलाचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? न्हाणीचं पाणी तिथंच मुरतंय का? मुरूम टाकून उतार बाहेरच्या बाजूला करा, पाणी लांब काढून द्या. हे काम घरच्या घरी फावड्याने होतं. त्यानंतर भिंत नीट वाळू द्या. घाई करू नका.

जुन्या भिंतीला चुनाच बरा

ऑइलपेंट भिंतीवर कातडीसारखा बसतो. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून रंग फुगतो. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू घट्ट होत जातो.

1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी लागतं. चुना विरघळला की दिवसभर मुरू द्या आणि जाड्याभरड्या कापडातून गाळा. त्यात गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला, म्हणजे चुना हाताला कमी लागतो. चिमूटभर नीळ घातली की पांढरा रंग उठून दिसतो. भिंत झाडून, थोडी ओलसर करून दोन-तीन पातळ हात द्या. ओला असताना चुना फिका दिसतो, वाळला की पांढरा होतो. म्हणून जाड थर देऊ नका.

भिंतीवर आधीचा ऑइलपेंट असेल तर तो पूर्ण खरवडा, नाहीतर चुना धरत नाही. सिमेंटची भिंत कोरडी असेल आणि डिस्टेंपर चांगला असेल, तर उगाच खरवडू नका. पुन्हा डिस्टेंपरचाच हात द्या.

सावधान: कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. प्लास्टिकची बादली वापरू नका, लोखंडी पिंप घ्या. पाण्यात चुना थोडा थोडा टाका. लहान मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. डोळ्यात उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

भिंतीवर गेरू, कॉटवर गोधडी

भिंतीच्या खालच्या दोन फुटांना गेरूचा पट्टा दिला की हातापायांचे डाग दिसत नाहीत. त्यावर तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट डिंकात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चेचून वारली चित्रं काढता येतात. पालघरकडची ही कला जिव्या सोमा म्हशे यांनी जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोण, गोल आणि रेघ जमली की घरातली पोरंसुद्धा काढतील.

ट्रंकेतल्या जुन्या सुती साड्या-धोतरांची गोधडी शिवून कॉटवर अंथरा. कापडाचे थर सारखे करून आधी लांब टाके घाला, मग कडेपासून आत धावदोरा घालत या. उरलेल्या काठांची वेणी घालून गोल शिवली की पायपुसणं तयार. नायलॉनच्या साड्या वापरू नका. त्या फरशीवर सरकतात.

शेवटचं, फुकटातलं काम

खोलीतली खताची पोती, मोडकी खुर्ची, जुनी कॅलेंडरं बाहेर काढा. खिडकीसमोरचं कपाट सरकवा. उजेड आत आला की निम्मी सजावट तिथंच झाली.

पाहुणे दोन घटका बसून जातात, त्या भिंतीत वर्षभर आपल्यालाच राहायचं असतं. म्हणून हातात पैसे थोडे असतील तर आधी ओलीवर खर्च करा. रंगाचं मग बघू.