कीर्तीला रस्ता लागतो

व्हिडिओ गेममधलं एखादं काल्पनिक राज्य खरं कधी वाटू लागतं? डोंगर, तटबंदी, कमानी, बाजारपेठ हे सगळं आज कुठलाही बरा स्टुडिओ सुबक रंगवू शकतो. तरी काही प्रदेश खेळ संपताच विसरले जातात आणि काही वर्षानुवर्षं मनात ठाण मांडून बसतात. माझ्या मते याचं उत्तर तीन प्रश्नांत आहे. शहर नेमकं तिथंच का वसलं? तिथवर पोचायला किती कष्ट पडतात? आणि जे तिथं कधी गेलेच नाहीत, ते लोक त्याच्याविषयी काय बोलतात? गेम घडवताना ही तीन कामं बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर होतात. कुणी शहराचं चित्र काढतं, कुणी प्रवासाचे नियम ठरवतं, कुणी संवाद लिहितं. वास्तविक हे काम एकच आहे, कारण शहराची कीर्ती व्यापारी, यात्रेकरू आणि फौजा रस्त्यावरूनच वाहून नेतात. रस्ता काढून टाकला तर कीर्तीची नुसती पाटी उरते. याचा पुरावा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात जितका ठसठशीत आहे, तितका क्वचितच कुठे सापडेल.

पैठणपासून सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणचे अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरचं सुती कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतं, असंही त्यात म्हटलं आहे. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीच्या भूगोलात तर पैठणच्या राजाचं, पुळुमावीचं, नावही पोचलं. सातवाहनांच्या राजधानीचा लौकिक असा मालाच्या गाठोड्यांबरोबर समुद्रापार गेला. इथं दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. अंतर दिवसांत मोजलं आहे, कारण चालणाऱ्याला तेच जाणवतं. आणि शहराची पहिली ओळख झाली ती दुसऱ्याच शहरात, बंदरावर उतरवलेल्या मालातून. गेममधल्या राजधानीची ओळखही खेळाडूला अशीच व्हायला हवी. वेशीतून आत शिरण्याआधी कितीतरी मैल अलीकडच्या बाजारात तिथलं कापड दिसावं, तिथल्या भावाबद्दल कुरकुर ऐकू यावी.

कीर्तीमागोमाग संकटही त्याच रस्त्यानं येतं. देवगिरीच्या यादवांच्या संपत्तीची ख्याती उत्तरेत पोचली होती, म्हणूनच १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इतक्या लांबून चालून आला. आपली फौज ही केवळ आघाडी आहे, मागून दिल्लीचं मोठं सैन्य येतंय, अशी हूल त्यानं उठवल्याची हकीकत फरिश्ता सांगतो. ज्या किल्ल्यावर ही अफवा आदळली, तो मात्र अफवेपेक्षा कितीतरी पक्का होता. देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा, डोंगर खालून उभा तासून काढलेला आहे. भोवती खंदक, त्यावरून आत जायला एकच चिंचोळी वाट आणि पुढे कातळाच्या पोटातली 'अंधारी'. या भुयारात पायऱ्या समान उंचीच्या नाहीत, वळणं फसवी आहेत, आणि वरच्या तोंडाशी शत्रूला धुरानं कोंडण्याची सोय आहे. गेमच्या भाषेत ज्याला लेव्हल डिझाइन म्हणतात, ते हेच. इथली प्रत्येक अडचण कुणीतरी कारणानं घडवली आहे, आणि जागेचा दरारा त्या अडचणींतून निर्माण झाला आहे.

दरारा किंवा लौकिक सगळ्यांच्या लेखी सारखा नसतो, हेही इथंच कळतं. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवलं. तेच आजच्या छत्रपती संभाजीनगरचं मूळ. कोरड्या खडकाळ जागेवर राजधानी उभी करायची म्हणून त्यानं डोंगराकडून जमिनीखालून पाणी खेळवलं आणि ती नहर त्याच्याच नावानं, 'नहर-ए-अंबरी' म्हणून, ओळखली जाते. पुढे याच विद्येवर पाणचक्की चालली. लांबून खापरी नळांतून आलेलं पाणी उंचावर चढवून हौदात सोडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवून तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण काढायचं. शहरात अंबरची ओळख पाणी देणारा अशी आहे. मुघल दरबारात मात्र चित्र वेगळं होतं. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकारानं जहांगीर बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय, असं चित्र रंगवलं. प्रत्यक्षात अंबर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही. एकच माणूस एका शहराचा पालनकर्ता आणि एका दरबाराचा कर्दनकाळ होता. 'फॉलआउट: न्यू वेगास' (२०१०) या गेममध्ये हे सत्य नेमकं पकडलं आहे. तिथं प्रत्येक गावाकडे आणि गटाकडे खेळाडूच्या नावाचा स्वतंत्र हिशेब असतो, आणि सुकीर्ती व अपकीर्ती एकमेकींतून वजा होत नाहीत. उपकार केले म्हणून जुना अपराध पुसला जात नाही. सरसकट एकच 'चांगुलपणाचा' आकडा ठेवणाऱ्या गेमपेक्षा हा प्रदेश कितीतरी खरा वाटतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. खेळायला बसलेल्या माणसाकडे तासभर असतो, त्यात त्यानं २० दिवसांची वाट तुडवत बसायची का? एका क्लिकवर पोचवणारा 'फास्ट ट्रॅव्हल' हवाच. आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तरही इतिहासातच आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. दिल्लीच्या लोकांना ४० दिवसांची वाट चालावी लागली. सुलतानाची डाक मात्र निराळ्या वेगानं धावायची. इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे, की दर मैलाला हरकाऱ्यांचे तीन टप्पे असत, घुंगरांची काठी वाजवत एक जण दुसऱ्याच्या हाती पत्र देई आणि ही पायडाक घोडेस्वारांपेक्षा वेगवान होती. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणी याच डाकेनं येई. म्हणजे जलद प्रवास तेव्हाही होता, फक्त तो कुणाच्या तरी मालकीचा होता आणि त्यासाठी कुणाचे तरी पाय झिजत होते. 'मॉरोविंड' (२००२) मध्ये अशीच सोय आहे. पैसे मोजून महाकाय कीटकाच्या पाठीवरून, होडीनं किंवा जादूगारांच्या मंडळामार्फत ठरावीक गावांना लगेच जाता येतं, बाकीची वाट पायी आणि लोकांना विचारत काढावी लागते. त्यामुळे कुठलं गाव हमरस्त्यावर आहे आणि कुठलं आडवळणाला, हे खेळाडूच्या अंगवळणी पडतं. जलद प्रवास द्यावाच, पण तो त्या जगातला कुणीतरी चालवत असावा.

दुसरा आक्षेप असा, की एवढं सगळं उभं करायला भलामोठा पैसा लागतो आणि तो आपल्याकडच्या स्टुडिओंकडे नाही. याला 'मॉरोविंड'च्याच मालिकेतला पुरावा आहे. त्याच्या आधीच्या 'डॅगरफॉल'मध्ये (१९९६) संगणकानं आपोआप रचलेल्या सुमारे १५,००० वस्त्या होत्या. 'मॉरोविंड'चं बेट त्यापुढे अगदीच लहान, पण हातानं घडवलेलं. चाहत्यांना गावांची नावं, रस्ते आणि भांडणं तोंडपाठ आहेत ती या लहान बेटावरची. खर्च आकारावर होतो, संबंध जोडायला विचार पुरतो. सहा गावं असली आणि प्रत्येकाला उरलेल्या पाचांबद्दल काही ना काही मत असलं, तर तो प्रदेश भरल्यासारखा वाटतो.

कल्पनेला इतिहासाच्या दावणीला का बांधायचं, असंही कुणी विचारेल. बांधायचं नाहीच. पोकेमॉनमधला 'होएन' प्रदेश जपानच्या क्यूशू बेटाचा नकाशा फिरवून बेतला आहे, तरी तिथलं जग सर्वस्वी काल्पनिक आहे. उसनी घ्यायची ती कारणं, घटना नव्हेत. उलट काल्पनिक नाव दिल्यानं आपल्याकडे वादात अडकणाऱ्या इतिहासाचे दोन्ही बाजूंचे लौकिक शेजारी शेजारी मांडायची मोकळीक मिळते.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आणला, तेव्हा भारतीय वास्तू आणि चित्रशैली गेममध्ये किती देखणी दिसते, हे जगानं पाहिलं. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं २०२४ मध्ये 'इंडस बॅटल रॉयल'साठी 'विरलोक' हे लढाईचं मैदान रचलं. दोन्हींचं मोल मोठं आहे. पण राजीचं जग पुराणकथेचं आहे आणि विरलोक युद्धभूमी आहे. वस्ती, बाजार, जकात आणि वाटसरू असलेला प्रदेश अजून घडायचा आहे. त्याची सामग्री महाराष्ट्रात उघड्यावर पडून आहे. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, कन्नडच्या घाटातून खानदेशात उतरणारी वाट, पैठणचे विणकर, पाण्यासाठी खोदलेली नहर. नव्या गेमकर्त्यांनी यातली कमान किंवा हत्ती उचलण्याआधी एक तक्ता मांडावा. प्रत्येक गावाला पाणी कुठून येतं, शेजारच्या गावाहून किती दिवस लागतात, आणि तिथले लोक या गावाचं नाव कसं घेतात. हा तक्ता पक्का झाला की चित्रकाराला काय रंगवायचं ते आपोआप कळेल, आणि खेळाडूला परत यावंसं वाटेल असं मराठी मातीतलं राज्य उभं राहील.