दादीला वाचता येते का?

– द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर माझ्याच गावी भरले होते. साक्षरतेच्या पाहणीचे काम आम्हां विद्यार्थ्यांकडे होते. आमची गल्ली माझ्या ओळखीची, म्हणून सरांनी ती माझ्याकडे सोपविली. घरोघर जाऊन एक तक्ता भरायचा होता. नाव, वय, शिक्षण आणि त्यानंतर एक रकाना : "वाचता येते काय? होय / नाही."

शेवटी आमचे घर आले. अब्बा चौथी शिकलेले, त्यांच्यापुढे 'होय' लिहिले. दादीचे नाव घातले आणि तिला न विचारताच 'नाही' लिहून मोकळी झाले. दादी ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. आमच्या घरी दखनी बोलतात. तिचे बोलणे येथे मराठीत देते. ती म्हणाली, "माझ्यापुढं काय लिहिलंस?" मी सांगितले. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "मग रोज सकाळी मी काय करते?"

दादी रोज पहाटेच्या नमाजनंतर कुरआन उघडून बसते. लाकडी रेहलवर ग्रंथ, ओळीखाली बोट आणि उजवीकडून डावीकडे सरकणारा तिचा आवाज, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. रमजानच्या महिन्यात ती तीसही सिपारे पूर्ण करते. पण रेशनच्या दुकानात ती अंगठा उठवते. एस. टी.ची पाटी तिला वाचता येत नाही. आणि ज्या ग्रंथावर तिचे बोट फिरते त्यातील अल्लाह, रसूल, जन्नत असे थोडे शब्द सोडले तर अर्थ तिला ठाऊक नाही.

तक्त्याच्या पाठीमागे सूचना होती, की 'समजून' वाचता येत असेल तरच 'होय' लिहावे. ही काही आमच्या शिबिरापुरती अट नव्हे. 2011 च्या जनगणनेतही सात वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते तीच साक्षर धरली होती. म्हणजे नियमाने मी बरोबर होते. तरीही दादीचा प्रश्न मनातून जाईना. ती करते त्याला वाचन म्हणायचे नाही, तर मग काय म्हणायचे? भाषाविज्ञानाच्या तासाला शब्दाच्या मुळाशी जायची सवय लागली आहे. तेव्हा ग्रंथालयातील कोश काढले आणि या कामासाठी खुद्द अरबीत कोणते शब्द आहेत ते पाहू लागले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. क-त-ब हा लिहिण्याचा धातू. त्यावरून किताब, त्यावरून कातिब म्हणजे लिहिणारा, आणि त्यावरूनच मकतब म्हणजे लिहिण्याची जागा. गंमत अशी, की दादी लहानपणी मशिदीतल्या मकतबातच शिकली, पण त्या 'लिहिण्याच्या जागी' मुलींना लिहायला कोणी शिकविले नाही. तेथे तिला फक्त वाचनाचे पहिले पुस्तक मिळाले. त्या पुस्तकाला 'कायदा' म्हणतात. सरकारचा कायदा पुष्कळांना कळत नाही, दादीला हा एक कायदा मात्र पक्का येतो.

वाचण्यासाठीचा पहिला शब्द किराअत. 'कुरआन' हे नाव त्याच धातूचे. मुस्लिम परंपरेप्रमाणे इसवी सन 610 च्या सुमारास मक्केजवळील हिरा नावाच्या गुहेत प्रेषितांना जो पहिला शब्द ऐकू आला तो 'इक्रा'. त्याचे भाषांतर सहसा 'वाच' असे करतात. परंतु हीच परंपरा प्रेषितांना लिहिता-वाचता येत नव्हते असेही सांगते. तेव्हा 'इक्रा'चा अर्थ 'अक्षरे वाच' एवढाच घेता येत नाही. 'मोठ्याने म्हण, पठण कर' हाही अर्थ त्यात आहे. अरबीची बहीण असलेल्या हिब्रू भाषेत या धातूचा अर्थ हाक मारणे असा होतो आणि वाचणे असाही होतो. सिरियाक ख्रिस्ती लोक उपासनेत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पाठाला याच धातूवरून 'केर्याना' म्हणत. म्हणजे या भाषांत वाचन हे आधी कानाचे व गळ्याचे काम आहे, डोळ्यांचे नंतर. आपल्या 'वाचणे'च्या मुळाशी तरी काय आहे? वाच् म्हणजे वाणीच.

दुसरा शब्द तिलावत. दादी स्वतः हाच शब्द वापरते. याच्या धातूचा अर्थ 'मागून जाणे'. कुरआनच्या 91 व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, सूर्यामागून येणाऱ्या चंद्राचा उल्लेख आहे, तेथे हाच धातू वापरला आहे. एका शब्दामागून दुसरा शब्द जातो म्हणून ती तिलावत. आणि वाचलेल्याच्या मागून आपण चालायचे, म्हणजे तसे वागायचे, असाही अर्थ भाष्यकारांनी सांगितला आहे. नुसते वाचून न वागणाऱ्याची तिलावत या अर्थाने अपुरीच.

तिसरा शब्द तरतील. 73 व्या सूरेत कुरआन तरतीलने पठण करण्याची आज्ञा आहे. जुने अरबी लोक ज्याचे दात एकसारखे आणि मध्ये नीट अंतर ठेवून बसलेले असत त्या मुखाच्या वर्णनात याच धातूचा शब्द वापरत. तरतील म्हणजे तसेच वाचणे : घाई नाही, एका अक्षरावर दुसरे चढलेले नाही, प्रत्येकाला आपापली जागा.

चौथा शब्द तजवीद. याला मराठीतल्या 'तजवीज'शी जोडू नये, तो शब्द वेगळ्या धातूचा. तजवीद म्हणजे चांगले करणे, उत्तम वठविणे. हा शब्द खुद्द कुरआनात नाही; पुढे पठणाचे शास्त्र तयार झाले त्याला हे नाव मिळाले. कोणता वर्ण घशातून, कोणता टाळूतून, कोठे नाकातून गुंजन करायचे, कोठे स्वर लांबवायचा, कोठे थांबायचे, याचे त्यात नियम आहेत. हे कशासाठी, याचे एक उदाहरण नेहमी देतात. अरबीत 'क' दोन आहेत. एक आपल्यासारखा, दुसरा पडजिभेजवळून येणारा. देवनागरीत दोन्ही शब्द 'कल्ब' असेच लिहिले जातील. पण घशाकडला 'क' असेल तर अर्थ हृदय, आणि आपला साधा 'क' असेल तर कुत्रा! वेदपाठाचे शिक्षाशास्त्र ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पाचवा शब्द हिफ्ज. त्याचा मूळ अर्थ राखण करणे, जपणे. आपल्याला 'हिफाजत' ठाऊक आहे, तो याचाच भाऊ. ज्याने सबंध कुरआन पाठ केला तो हाफिज, म्हणजे राखणदार. सुरुवातीच्या काळातील हस्तलिखितांत अक्षरांवरचे नुक्ते फार थोडे असत आणि स्वरचिन्हे तर नसतच. ज्याला आधीच पाठ आहे त्यालाच ते लिखाण नीट वाचता येई. पाठांतर हे तेथे वाचनाचे कुंपण होते.

सहावा शब्द दर्स, म्हणजे धडा. मदरसा त्यावरून आला. एखादे पुस्तक मुखोद्गत होईपर्यंत पुनःपुन्हा वाचणे हा याच्या धातूचा एक अर्थ. आणि दुसरा? गव्हाची मळणी करणे! हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले. आमच्या खळ्यावर बैल त्याच वर्तुळात कसे फिरत हे अब्बांनी सांगितले आहे. तसे फिरत राहिल्याशिवाय दाणा सुटत नाही.

आणि शेवटचा शब्द तदब्बुर. याच्या धातूचा अर्थ पाठ किंवा मागची बाजू. बोलण्याच्या पाठीमागे काय आहे, त्याचा शेवट कोठे जातो, हे मनाने शोधणे म्हणजे तदब्बुर. तक्त्यातील 'समजून' तो हाच.

आता माझ्या लक्षात आले ते असे. एका 'वाचता येते काय' या प्रश्नाच्या पोटात निदान सात कामे आहेत. दादीला त्यांपैकी तिलावत येते, तरतील येते, तजवीद बरीच येते, आणि शेवटच्या सिपाऱ्यातील लहान सूरांचे हिफ्जही आहे. तिला तदब्बुर येत नाही. हे छोटे उणे आहे असे मी म्हणणार नाही. कुरआनातच, ग्रंथाची जबाबदारी मिळूनही ती न पेलणाऱ्यांना पुस्तके वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात वेद शिकून अर्थ न जाणणाऱ्याला ओझे वाहणारा खांब म्हटले आहे. दोन दूरच्या परंपरांना एकाच रोगावर सारखीच उपमा सुचावी, यावरून रोग जुना दिसतो.

पण मग मी माझ्याकडे पाहिले. पहिल्या वर्षी इंग्रजीचे दोन निबंध मी गाईडमधून जसेच्या तसे पाठ केले. अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता. उच्चारही धड नव्हते. परीक्षा झाल्यावर आठ दिवसांत ते विसरलेही. म्हणजे तदब्बुर नाही, तजवीद नाही आणि हिफ्जही नाही. तरी तक्त्यात माझ्यापुढे 'होय' होते, आणि ते मीच लिहिले होते. दादी निदान आपल्या शब्दांना साठ वर्षे जपते आहे.

कुरआनची मराठी भाषांतरे आज मिळतात. सुट्टीत घरी गेले की संध्याकाळी दादी थोडे पठण करते आणि तेवढ्याच भागाचे मराठी मी मोठ्याने वाचते. पहिल्या दिवशी 91 वी सूरा घेतली. सूर्यामागून चंद्र येतो येथवर मी आले तेव्हा दादीने मला थांबविले. "हे त्यात आहे?" तिने विचारले. ती सूरा तिने हजारो वेळा म्हटली असेल. थोडा वेळ ती गप्प बसली. मग तिने मूळ सूरा पुन्हा म्हटली, नेहमीपेक्षा सावकाश, आणि मला म्हणाली, "आता तू म्हण." मी म्हटली. तिने माझ्या पाच चुका काढल्या.

यंदाच्या शिबिरात पुन्हा तक्ता भरायचा झाला, तर त्यात रकाना एकच असणार आणि उत्तरेही दोनच. तिच्या नावापुढे काय लिहावे हे मला अजून नक्की ठरविता आलेले नाही. यंदा मात्र आधी तिला विचारीन.