येसचा खर्ज : ख्रिस स्क्वायरची बेस गिटार आणि चाहत्यांची न संपणारी चर्चा

लंडनमध्ये १९६८ साली स्थापन झालेल्या ‘येस’ या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये दोन विषय कधीच शिळे होत नाहीत. कोणत्या दौऱ्यातले कार्यक्रम सर्वांत सरस, हा एक. आणि ख्रिस स्क्वायरच्या बेस गिटारचा तो करकरीत, धारदार आवाज येतो कुठून, हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ध्वनिमुद्रिकेवर बेसचा आवाज ध्वनिमुद्रक हवा तसा घडवू शकतो. हजारो माणसांनी भरलेल्या सभागृहात मात्र वादक, वाद्य आणि अ‍ॅम्प यांच्या बळावरच तो ऐकू यावा लागतो. स्क्वायरची खरी कसोटी तिथे लागत होती.

रॉक संगीतात बेस गिटारचे ठरलेले काम म्हणजे ड्रमच्या ठोक्याला धरून राहायचे, मूळ स्वर सांभाळायचा आणि गाण्याला तळ द्यायचा. स्क्वायरने हे काम सोडले नाही. त्याच वेळी वरच्या सुरावटींशी बोलणारी स्वतंत्र चालही तो वाजवत राहिला. याचे मूळ त्याच्या बालपणात आहे. ४ मार्च १९४८ रोजी लंडनच्या किंग्जबरी भागात जन्मलेला स्क्वायर तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या गायकवृंदात गात असे. वृंदाचे मार्गदर्शक बॅरी रोझ पुढे सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये गेले. चर्चच्या समूहगायनात खालचा आवाजही आपली स्वतंत्र चाल चालतो आणि तरीही बाकीच्यांशी जुळून राहतो. हे लहानपणीच कानात बसलेल्या मुलाने मोठेपणी बेस वाजवताना नुसत्या मूळ स्वरावर समाधान मानणे कठीणच होते. १९७५ च्या ‘फिश आउट ऑफ वॉटर’ या एकल अल्बमसाठी त्याने सेंट पॉल्सचा पाइप ऑर्गन वापरला, आणि तो वाजवला बॅरी रोझ यांनीच.

वाद्य त्याच्या हाती आले ते नोकरीमुळे. रीजंट स्ट्रीटवरच्या ‘बूझी अँड हॉक्स’ या वाद्यांच्या दुकानात तो काम करत होता. १९६५ मध्ये कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीत त्याने रिकनबॅकर कंपनीची बेस गिटार घेतली. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या ४००१ जातीच्या या नमुन्याचा क्रमांक होता १९९९. तिची मान मॅपल लाकडाची असून ती धडातून थेट आरपार जाते, त्यामुळे स्वर बराच वेळ टिकतो. फुलाफुलांचे कागद चिकटवण्याची तेव्हा फॅशन होती. स्क्वायरनेही गिटारवर तसला कागद लावला. पुढे तो काढून रंग बदलताना लाकूड घासले गेले आणि धड पातळ झाले. आपल्या गिटारच्या वेगळ्या आवाजाचे श्रेय तो या पातळ झालेल्या धडालाही देत असे. तेच वाद्य त्याने जवळपास पन्नास वर्षे वाजवले.

आवाजाची मोठी किल्ली मात्र जोडणीत होती. या गिटारवर दोन पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग, असतात: एक मानेजवळ आणि एक ब्रिजजवळ. मानेजवळचा पिकअप भारदस्त, गोल स्वर उचलतो, तर ब्रिजजवळचा पातळ आणि टोकदार. अशा बहुतेक बेस गिटारींमध्ये दोन्हींचा संकेत एकत्र होऊन एकाच अ‍ॅम्पला जातो. स्क्वायरने आपली गिटार स्टीरिओ करून घेतली, म्हणजे प्रत्येक पिकअपला बाहेर पडण्याचा स्वतंत्र रस्ता दिला. खालचा भाग नेहमीच्या बेस अ‍ॅम्पला जाई आणि वरचा लीड गिटारच्या अ‍ॅम्पला. लीड गिटारचा अ‍ॅम्प जोरात चालवला की आवाज फाटू लागतो, त्याला एक गुरगुर येते. संपूर्ण बेस असा फाडला तर त्याचा तळच निघून जातो. इथे फाटत होता तो फक्त वरचा पदर. खालचा स्वच्छ आणि भक्कम राहत होता.

त्यात भर पडली ती तारांची आणि हाताची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेसवर सपाट वेढ्याच्या तारा सर्रास होत्या, त्यांचा आवाज मऊ आणि बोथट. ‘द हू’ या बँडचा जॉन एंटविसल याच्यासोबत रोटोसाउंड कंपनीने १९६६ मध्ये गोल वेढ्याच्या तारा तयार केल्या. स्क्वायरनेही त्या घेतल्या, आणि पियानोच्या खालच्या पट्टीसारखी खणखण त्याच्या वाद्यातून येऊ लागली. तो बोटांऐवजी पिकने वाजवत असे. पिक इतक्या टोकाशी धरलेला असे, की तारेवर घाव पडताच पाठोपाठ अंगठ्याची कडही तारेला लागे. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला एक बारीक ‘टक्’ येतो आणि वरचे उपस्वर उमटतात. गिटार, अ‍ॅम्प आणि तारा तंतोतंत तशाच घेऊनही अनेकांना हा आवाज साधत नाही, तो या अंगठ्यामुळे.

मोठ्या सभागृहात याचा उपयोग काय, हे समजून घेण्यासारखे आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि त्याची हवेतली लहर आठ मीटरहून लांब. बंदिस्त सभागृहात अशा लहरी भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात. कुठे घुमतात, कुठे गडप होतात. श्रोत्याला धडधड जाणवते, पण कोणता स्वर वाजला ते कळत नाही. कान मात्र उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखू शकतो. त्यामुळे वरचा पदर कानापर्यंत स्पष्ट पोचला की चाल वाचता येते. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यालाही येसच्या बेसची चाल गुणगुणता येई, त्यामागे हे साधे ध्वनिशास्त्र आहे.

‘फ्रॅजाइल’ (१९७१) या अल्बममधील ‘द फिश’ ही रचना या आवाजाचा जाहीरनामाच म्हणावी. स्क्वायर न्हाणीघरात तासन्‌तास बसे, म्हणून ‘फिश’ हे त्याचे टोपणनाव. या रचनेत बेसचेच अनेक थर एकमेकांवर चढवलेले आहेत. कुठे तो ताल धरतो, कुठे सुरावट छेडतो. आवर्तन सात मात्रांचे आहे; रूपक तालाची सवय असलेल्या कानाला त्यात लवकर पाय रोवता येतात. मुद्रिकेवर ही रचना आणि तिच्या आधीचे गाणे मिळून सहा मिनिटांच्या आसपास आहेत. ‘येससाँग्ज’ या लाइव्ह अल्बमवर हीच जोडी साडेतेरा मिनिटांच्या पुढे जाते, आणि वाढलेला बहुतेक वेळ बेसने घेतला आहे.

मे १९७३ मध्ये आलेला ‘येससाँग्ज’ हा तीन तबकड्यांचा संच १९७२ च्या कार्यक्रमांवर बेतलेला आहे. ते वर्ष बँडसाठी उलथापालथीचे होते. ‘क्लोज टू द एज’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण संपताच ड्रमर बिल ब्रुफर्ड ‘किंग क्रिम्सन’ या बँडमध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटने जेमतेम तीन दिवसांत सगळ्या रचना बसवल्या आणि ३० जुलै १९७२ रोजी डॅलसमध्ये पहिला कार्यक्रम केला. ब्रुफर्डचा ठोका चपळ आणि कोरडा, व्हाइटचा वजनदार. ब्रुफर्डसोबत बेस मोकळा, खेळकर वाटतो आणि व्हाइटसोबत तो पुढे रेटत नेतो. कोण श्रेष्ठ, यावर चाहत्यांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

‘येससाँग्ज’चा आवाज गढूळ आहे, ही तक्रार जुनीच. २०१५ मध्ये ‘प्रोजेनी’ हा चौदा सीडींचा संच आला आणि तुलना करायला भक्कम साधन मिळाले. १९७२ च्या ३१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या काळातले सात पूर्ण कार्यक्रम त्यात आहेत. दर रात्री तीच रचनावली. सुरुवातीला स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’ची ध्वनिफीत, मग येसचे ‘सायबेरियन खात्रू’. तेच तेच सात वेळा ऐकायचे कशाला, असे नवख्याला वाटेल. पण लागोपाठ ऐकले की लिहून ठेवल्यासारख्या वाटणाऱ्या बेसच्या चालीत स्क्वायर रोज कुठे जागा घेतो ते उमगते.

१९७८ च्या दौऱ्यात बँडने रंगमंच सभागृहाच्या मध्यभागी आणला आणि तो सावकाश फिरता ठेवला. त्यामागे बँडचे प्रकाशयोजनाकार मायकेल टेट होते. त्यांनी पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झ इथे काढलेली कंपनी आज मोठमोठ्या दौऱ्यांचे रंगमंच बांधते. ‘अवेकन’ या दीर्घ रचनेसाठी स्क्वायर तीन मानांची बेस गिटार गळ्यात अडकवे. ते दृश्य भव्य होते. मात्र त्याचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर जुनी रिकनबॅकरच.

२७ जून २०१५ रोजी स्क्वायरचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. तोपर्यंत येसचा एकही कार्यक्रम त्याच्याविना झाला नव्हता. ऑगस्टमध्ये बँड पुन्हा मंचावर आला तेव्हा स्क्वायरने स्वतः सुचवलेला बिली शेरवुड बेसवर होता. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या रात्री येसच्या ‘राउंडअबाउट’ या गाण्यावर बेस वाजवला ‘रश’ या बँडच्या गेडी लीने.

नव्या श्रोत्याने ‘फ्रॅजाइल’पासून सुरुवात करावी, मग ‘येससाँग्ज’मधली ‘द फिश’ ऐकावी आणि त्यानंतर ‘प्रोजेनी’मधली कोणतीही एक रात्र निवडावी. मोबाइलच्या स्पीकरवर यातले फारसे काही हाती लागत नाही. चांगले हेडफोन किंवा घरातला जुना, मोठ्या पेट्यांचा स्टीरिओ हवा.