मक्याच्या ठिपक्यांनी काय शिकविले?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या शेतकऱ्यांना मका नवा नाही. रंगीत वाणाच्या एखाद्या कणसात फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके दिसतात. त्याला नजर लागली असे समजू नये, असे आम्ही सांगू.

प्रत्येक पेशीत दोऱ्यासारखी गुणसूत्रे असतात व त्यांवर जनुके ओळीने बसलेली असतात. अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० नंतरच्या दशकात मक्यावरच दाखविले की, गुणसूत्राचे काही तुकडे जागा बदलतात. असा तुकडा रंगाच्या जनुकात शिरला की दाणा फिका पडतो. दाणा वाढताना एखाद्या पेशीतून तो निघून गेला, की तेवढाच ठिपका रंगतो. या शोधाबद्दल त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधी त्यांनी पाहिले होते की, गुणसूत्राची तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात. शाबूत टोके चिकटत नाहीत. दोराचा पीळ सुटू नये म्हणून आपण गाठ मारतो, तसे शाबूत टोकाला टोपण असते. त्यास टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना ते झिजते. टेलोमरेज नावाचे विकर ती झीज भरून काढते. कर्करोगाच्या बहुतेक गाठींत हे विकर जागे असते, म्हणून त्या पेशी वाढतच राहतात. फळमाशीत मात्र हे विकर नाही. तिथे जागा बदलणारे तुकडेच टोकावर बसून झीज भरतात.

एक सावधगिरी ठेवावी. जनुकाचा ठिपका दाण्याच्या सालीखाली असतो, पुसून जात नाही. दाण्यावर हिरवट-पिवळी भुकटी दिसली तर ती बुरशी होय. तिचे विष यकृतास घातक असते. असा मका स्वतः खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. मका कडक वाळवूनच साठवावा.