घरचा बोकड कितीला गेला?

मागच्या सेमिस्टरला परीक्षेचा फॉर्म भरला, तेव्हा पैसे कुठून आले होते, आठवतं? नागभीड, तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून पाहा. कोणी म्हणेल, धान विकला. कोणी म्हणेल, बाबांनी कुठून तरी उसने आणले. आणि एखाद-दोघं जरा इकडंतिकडं बघत सांगतील, 'मायनं बोकड विकला.'

मग पुढचे प्रश्न विचारा. कितीला विकला? वजन किती होतं? त्याच्यासोबत जन्मलेलं दुसरं पिल्लू कुठं गेलं? इथं बहुतेकांची बोलती बंद होते. कॉमर्सला असलात तर ताळेबंद मांडता, सायन्सला असलात तर मेंडेलचे नियम घोकता. पण ज्या सांदवाडीतून आपली फी निघाली, तिथला हिशेब आपल्याला ठाऊक नसतो.

आपला भाग धानाचा. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि रोवणीचं, खताचं देणं फेडता फेडताच संपतो. बाकीचे महिने घर चालतं ते किरकोळ कमाईवर. पाहुणा आला तर कोंबडा, वही-पेनाला अंडी, दवाखाना किंवा फी निघाली तर बकरी. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा सीझन सुरू झाला की घरोघरी पाहुणे, आणि गावठी कोंबड्याचा भाव चढलेला. ही आपल्या घरची बँक आहे. फक्त या बँकेत जमा होणारं अर्धंअधिक मरून जातं आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. ही मरतूक थांबवणं हाच या धंद्यातला पहिला नफा आहे. आणि ते काम घरात सगळ्यात चांगलं कोणाला जमेल, तर तुम्हाला.

एका कोंबडीचं गणित

गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते. तीन-चारदा खुडूक होते आणि 21 दिवस अंड्यांवर बसते. समजा तिच्याखाली 12 अंडी ठेवली आणि 10 पिल्लं निघाली. तीनदा बसली तर वर्षाला 30 पिल्लं. आता आठवून सांगा, मोठी किती होतात? काही घार नेते, काही मुंगूस, काही पावसात भिजून गारठतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात मानमोडी आली की खुराडंच्या खुराडं साफ. 30 पैकी 8 उरली आणि 18 उरली, यात फरक 10 पक्ष्यांचा. एक पक्षी समजा 300 रुपयांना गेला, तर एका कोंबडीमागं 3,000 रुपये. पाच कोंबड्या असतील तर 15,000. यासाठी नवीन कोंबडी आणायची नाही, शेड बांधायचं नाही.

मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून पडलेलं हे नाव. विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही, पण लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बीचं इंजेक्शन. मग गावात कोणी देत का नाही? कारण लसीची बाटली 100 किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण एवढा उपद्व्याप करणार?

इथं तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कामाला येतो. गल्लीतल्या 15 घरांची यादी करा, पक्षी मोजा, दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणा आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की गल्ली उरकून टाका. एक संध्याकाळ जाते, बस.

दोन सोप्या गोष्टी आणखी. अंडी आठवड्याच्या आतलीच कोंबडीखाली ठेवा. सातव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याला लावून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे. नुसता पिवळा उजेड आरपार दिसला तर ते अंडं काढून टाका. आणि पिल्लांना नुसत्या कणीवर वाढवू नका, पहिल्या महिन्यात त्यांना प्रथिनं लागतात. आजीला विचारा, तिला उधईचा उपाय माहीत असेल: मडक्यात ओलं तणस आणि शेण भरून जमिनीवर पालथं घालायचं. एक-दोन दिवसांत उधई चढते आणि पिल्लं तिच्यावर तुटून पडतात.

मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका

कोंबडी मेली की तंगडीला धरून गावाबाहेर भिरकावून द्यायची, ही आपली जुनी सवय. ती आता महागात पडू शकते. जानेवारी 2025 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं मेल्याचं तपासणीत निघालं. त्याच महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यात कोंबड्यांमध्येही बर्ड फ्लू सापडला. आपल्या गावांना जंगल लागून आहे. आपण टाकलेली कोंबडी कोण खाईल, सांगता येत नाही. एखादी मेली तर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकदम बऱ्याच मेल्या तर हात लावू नका, लपवू नका, विकू तर मुळीच नका. सरळ जनावरांच्या दवाखान्यात कळवा. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

बकरी: डोळ्यानं नाही, काट्यानं विका

पुस्तकात शेळी, आपल्याकडं बकरी. विदर्भाची स्वतःची बेरारी नावाची नोंदणीकृत जातही आहे. बकरी पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीनदा, आणि बऱ्याचदा जुळं देते. म्हणजे दोन बकऱ्यांवर घरचं एक सेमिस्टर निघू शकतं.

निघत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, पावसाळा. चार महिने ओल्या, चिखलाच्या कोठ्यात बकरी बसते. मग सर्दी, न्यूमोनिया, खुरांचा सडा, जंत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला तोटा नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांबूचा माळा करा. लेंडी खाली पडेल पण खूर अडकणार नाही, एवढीच फट ठेवा. बकरी कोरडी राहिली की अर्धे आजार दारातूनच परत जातात. लेंडीखत गोळा होतं ते वेगळं.

दुसरं, पिल्लाचा चीक. जन्मल्यापासून तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. जार पडेपर्यंत थांबायचं, ही चुकीची समजूत आहे. रोगाशी लढायची ताकद पिल्लाला त्या चिकातूनच मिळते.

तिसरं, लसी. पीपीआरची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी, आणि जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. मात्रा डॉक्टरांना विचारून. ती वजनावर ठरते, अंदाजावर नाही.

आणि चौथी गोष्ट तर थेट खिशाची. व्यापारी दारात येतो, बोकडाची पाठ दाबतो, मागून-पुढून बघतो आणि आकडा सांगतो. फीची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, माय 'हो' म्हणते. तुम्ही एक करा: लटकवायचा काटा आणा. काही शे रुपयांत येतो, चार घरं मिळून घेतला तर आणखी स्वस्त. बोकडाचं मटण जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी निघतं. म्हणजे 20 किलोचा बोकड असेल तर नऊ किलोच्या आसपास. त्याला त्या आठवड्याच्या बाजारभावानं गुणा. व्यापाऱ्याचा खर्च आणि कमाई वजा करा. आता तुमच्या हातात एक आकडा आहे. व्यापारी वाईट असतो असं नाही. पण त्याला वजन कळतं आणि आपल्याला कळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सौदा त्याच्या बाजूनं झुकतो.

माय बकऱ्या घेऊन कुठं जाते?

हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. 2018 साली घोडाझरी अभयारण्यही झालं. वाघ आपल्या शेतात, नाल्यात, कधी गावाच्या वेशीवर येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांच्यात बकऱ्या-ढोरं चारायला, सरपणाला, मोह वेचायला गेलेली माणसं आहेत. बकरी खाली वाकून पाला तोडणाऱ्या माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

मग चारा कुठून? धुऱ्यावर सुबाभूळ, शेवरी, हादगा लावा. एका पावसाळ्यात लावलेली झाडं पुढच्या वर्षीपासून पाला देऊ लागतात. धानानंतरच्या लाखोळीचं, हरभऱ्याचं, तुरीचं कुटार जाळू नका, फेकू नका. कोरडं साठवा, बकरी ते आवडीनं खाते. सगळे दिवस घरीच बांधून ठेवणं जमणार नाही, हे मान्य. पण आठवड्यातल्या जंगलाच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या तरी धोका निम्म्यावर येतो. चरायला जायचंच असेल तर चार-पाच जणांनी मिळून, उजेडात, गावाजवळ.

कोठा मजबूत करा, दाराला कडी लावा, बिबट रात्री बकरीसाठीच येतो. आणि वाघ-बिबटानं जनावर मारलंच तर ते हलवू नका. फोटो काढा, 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज आणि कागद लागतात. घरात अर्ज लिहिता येणारं कोण आहे? तुम्हीच.

मेंढी आणि डुक्कर

चंद्रपूर-गडचिरोलीत मेंढ्या पाळण्याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कुरमार समाजाकडं आहे. मेंढीला कोरडं माळरान मानवतं. धानाच्या बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यात गोगलगायी असतात, आणि त्यांच्यातून चपटे कृमी मेंढीच्या यकृतात जातात. म्हणून घरी कोकरू आणायचा विचार असेल तर आधी बघा, आपली जमीन उंचावरची आहे की बांधीची. बांधीची असेल तर बकरीच बरी.

डुक्कर म्हटलं की वर्गात हशा पिकतो. तो हशा जनावरावर नसतो. ते कोणत्या जातीच्या घरी असतं, त्यावर असतो. गडचिरोलीच्या माडिया गावांत डुक्कर हे कोंबडी-बकरीसारखंच घरचं जनावर आहे. नुसतं विज्ञान बघा: मादी 114 दिवसांत विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, एका वेळी आठ-दहा पिल्लं, वर्षातून दोनदा. एवढ्या वेगानं घरची जमा वाढवणारं दुसरं चौपायी जनावर आपल्याकडं नाही.

पण ते बांधलेल्या वाड्यातच पाळलं पाहिजे. मोकाट डुक्कर माणसाची विष्ठा खातं, त्यातून पट्टकृमीचं चक्र चालू राहतं, आणि त्याच कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचून फेफरं येऊ शकतं. हॉटेलचं उरलंसुरलं अन्न उकळूनच द्यायचं, कारण आफ्रिकन स्वाइन फीव्हर. हा रोग 2020 साली ईशान्य भारतात पहिल्यांदा सापडला. माणसाला होत नाही, पण डुकरांसाठी त्यावर औषध नाही. ज्याच्या घरी डुकरं आहेत त्याला हसण्यापेक्षा त्याच्याकडून चार गोष्टी शिकून घ्या.

योजनेच्या आधी वही

राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के अनुदान आहे, पण ते किमान 100 शेळ्या आणि 5 बोकडांपासून सुरू होतं. ते आपल्या सांदवाडीचं माप नाही. राज्य सरकारच्या महाबीएमएस पोर्टलवर 10 शेळ्या आणि 1 बोकड अशी गटयोजना असते. सर्वसाधारण गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. अर्ज कधी सुटतात, यावर लक्ष ठेवा. पण दोन बकऱ्यांची पिल्लं वाचवता येत नसतील तर दहा आणून पाचपट मरतील. बाहेरून आणलेली जनावरं दोन-तीन आठवडे वेगळी बांधायची, हे तर योजनेच्या कागदावर कोणी ठळक लिहून देत नाही. शंका असेल तर सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे, नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फोन करायला लाजू नका.

या रविवारी 100 पानी वही घ्या आणि मायजवळ बसा. पहिल्या पानावर आज घरी किती कोंबड्या, किती पिल्लं, किती बकऱ्या ते लिहा. दुसऱ्यावर मागच्या वर्षी काय काय मेलं आणि कशानं. तिला सगळं पाठ असतं, कोणी विचारलेलं नसतं. तिसऱ्यावर लसीच्या तारखा, आणि त्याच तारखा मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून. चौथ्यावर विक्री: तारीख, वजन, भाव, रक्कम.

रक्कम मायच्या हातात द्या, आणि ती पुढं कुठं खर्च झाली तेही लिहा. परीक्षा फी तिथंच सापडेल. आणि पुढच्या वेळी व्यापारी दारात आला की त्याला चहा द्या, बसवा, आणि बोकड आधी काट्याला लटकवा.