घरगुती वीज : एका युनिटाचे मोल

वीजबिल अचानक वाढले की दोष बहुधा मीटरला दिला जातो. वस्तुतः बिलाची वाढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती युनिटे वापरली आणि त्या युनिटांना कोणता दर लागू झाला. पैनगंगेच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या भीमपूर मंडळातील ग्राहकांनी यातील दुसरी बाब विशेष समजून घेणे अगत्याचे आहे.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळल्यास महिन्यास ९ युनिटे लागतात. नऊ वॅटच्या एल.ई.डी. दिव्यास दीड युनिटही लागत नाही. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज बारा तास फिरल्यास २७ युनिटे होतात. आदिलाबादच्या थंडीत पाणी तापविण्यासाठी दीड हजार वॅटचा रॉड रोज एक तास लावल्यास एकट्या रॉडची ४५ युनिटे भरतात.

आता दराचा विचार करू. तेलंगणात १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दरपत्रकानुसार ग्राहकाचा गट त्या महिन्याच्या एकूण वापरावरून ठरतो. दोनशे युनिटांपर्यंतच्या गटात पहिल्या शंभर युनिटांस ३.४० रुपये व पुढील शंभरांस ४.८० रुपये दर आहे. म्हणजे २०० युनिटांचा वीज आकार ८२० रुपये होतो. वापर २०१ झाला की गट बदलतो. पहिल्या दोनशे युनिटांस ५.१० रुपये व पुढील युनिटास ७.७० रुपये दर लागून आकार १,०२७ रुपये ७० पैसे होतो. एका अधिक युनिटासाठी २०७ रुपये ७० पैसे मोजावे लागतात. स्थिर आकार व ग्राहक आकार याहून वेगळे. महाराष्ट्रात मात्र मर्यादेपलीकडील युनिटांनाच वरचा दर लागतो. म्हणून नदीपलीकडील नातलगांच्या बिलाशी तुलना करणे योग्य नव्हे.

मार्च २०२४ पासून लागू झालेल्या गृहज्योती योजनेत पात्र शिधापत्रिकाधारकांस २०० युनिटांपर्यंत शून्य बिल येते. ही मर्यादा ओलांडल्यास संपूर्ण बिल भरावे लागते. अशा कुटुंबास दोनशे एकावे युनिट सर्वांत महाग पडते.

यास्तव प्रत्येक कुटुंबाने मागील बिलावरील आकडा व तारीख टिपून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा मीटर पाहावा. पंधरा दिवसांत शंभरावर युनिटे झाली असतील, तर रॉड, इस्त्री व कूलर यांचा वापर वेळीच आवरता येतो. शिक्षकांनी गणिताच्या तासास विद्यार्थ्यांकडून घरच्या बिलाची आकारणी करून घ्यावी. मीटर वाचता येणारे मूल घरात असल्यास महिनाअखेरचे बिल अनपेक्षित राहणार नाही.