शाखांचे विलीनीकरण आणि त्याची नोंद : रिद्धपूरच्या पाठपरंपरेपासून गिटपर्यंत

प्रस्तावना

एकाच मूळ संहितेच्या दोन प्रती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुधारल्या जाऊ लागल्या की कालांतराने त्या एकत्र करण्याची वेळ येते. अशा वेळी कोणते बदल स्वीकारावयाचे हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. कोणते बदल आधीच स्वीकारले गेले आहेत हे ठरविणे अधिक अवघड ठरते. संगणक आज्ञावलीच्या विकासात या दुसऱ्या प्रश्नाच्या सोडवणुकीस 'मर्ज ट्रॅकिंग', म्हणजेच विलीनीकरणाची नोंद, असे संबोधले जाते. संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांना हा विषय निव्वळ तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. तथापि वऱ्हाडच्या भूमीत सुमारे सातशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी ग्रंथाच्या बाबतीत उपस्थित झाला होता, आणि भाषेच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे.

रिद्धपूरचा दाखला

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे एक प्रमुख स्थान होय. श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी स्वामींच्या लीळा संकलित केल्या व त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. ज्याने प्रसंग प्रत्यक्ष पाहिला वा ऐकला त्याच्याकडे जाऊन तो टिपून घ्यावयाचा आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यावयाचा, अशी त्यांची पद्धती होती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर मध्यवर्ती भांडार एक, आणि त्यात जाणाऱ्या प्रत्येक नोंदीस संमती देणारी जबाबदार व्यक्तीही एकच.

पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. शिष्यपरिवाराने स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसेच्या असाधारण स्मरणशक्तीचा या संदर्भात विशेष उल्लेख होतो. मात्र स्मरण करणारे अनेक असल्यामुळे पाठही अनेक झाले. हिराइसेचा पाठ, पिढीपाठ अशी नावे त्यातूनच आली. मूळ भांडार नष्ट झाले आणि शाखा तेवढ्या उरल्या, असा हा प्रकार होता.

येथे पोथीकारांची एक सवय लक्षणीय आहे. एखाद्या प्रसंगाचे दुसऱ्याचे स्मरण भिन्न असेल तर ते मूळ मजकुरात न मिसळता 'वासना' या संज्ञेखाली स्वतंत्रपणे नोंदविले जाई. ज्या ठिकाणी ही नोंद टिकली तेथे संपादकास वाट सापडते. जेथे लेखकाने दोन पाठ शांतपणे एकत्र केले तेथे मात्र दोन पोथ्यांत आढळणारे समान वाक्य ही दोन स्वतंत्र साक्षींची ग्वाही आहे, की एकीतून दुसरीत उतरलेली नक्कल आहे, हे सांगता येत नाही. पाठचिकित्सेत यासच पाठसंकर म्हणतात. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि मूळचे वऱ्हाडातीलच डॉ. वि. भि. कोलते (ज्यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली) या संपादकांच्या श्रमांचा फार मोठा भाग अशा न नोंदविलेल्या विलीनीकरणाची उकल करण्यात खर्ची पडला असला पाहिजे.

आज्ञावलीतील विलीनीकरण

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. परीक्षेच्या निकालाची एक आज्ञावली अमरावती व अकोला येथील दोन महाविद्यालयांत वापरली जाते. दोन्हीकडे सुधारणा होतात आणि दर सत्राअखेर त्या एकत्र केल्या जातात. अकोल्याच्या शाखेत सवलतीचे तीन गुण मिळविणारी एक ओळ घातली गेली व ती पहिल्या सत्रात अमरावतीच्या शाखेत आली. दुसऱ्या सत्रात याची नोंद नसल्यामुळे अकोल्याचे सर्व बदल आरंभापासून पुन्हा लावले गेले. बहुधा यंत्रणा संघर्ष दाखवून थांबते. परंतु मधल्या काळात आसपासच्या ओळी जागा बदलून गेल्या असतील तर तीच ओळ दुसऱ्यांदा बसते आणि विद्यार्थ्यास तीनऐवजी सहा गुण मिळतात. याउलट 'हा बदल आलेलाच असेल' असे गृहीत धरल्यास तो कायमचा सुटतो. दुसरी चूक अधिक घातक, कारण यंत्रणा तिच्याविषयी कोणतीही सूचना देत नाही.

सन २००० मध्ये विकासास प्रारंभ झालेल्या व फेब्रुवारी २००४ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या सबव्हर्जन या प्रणालीत आरंभी नेमकी हीच उणीव होती. दोन आवृत्त्यांतील फरक काढून तो दुसरीकडे लावणे एवढेच तिला ठाऊक होते. काय लावले याची स्मृती तिला नव्हती. वापरकर्त्याने अमुक ते अमुक क्रमांकाचे बदल घेतल्याचे टिपणात हाताने लिहून ठेवावे, असाच तेव्हाचा रिवाज होता. जून २००८ च्या १.५ आवृत्तीत 'मर्जइन्फो' नावाचा गुणधर्म आला आणि कोणत्या शाखेतील कोणत्या क्रमांकांचे बदल आले याची यादी फोल्डरलाच चिकटविली जाऊ लागली. ही वासनेच्या नोंदीशी नाते सांगणारी व्यवस्था होय. तिचा दोष असा की, यादी मुख्य फोल्डरवर एक व उपफोल्डरवर दुसरी अशी विखुरली की तिचा अर्थ लावणे जिकिरीचे होते.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटने यादीचा मार्गच सोडला. गिटमध्ये प्रत्येक नोंद, म्हणजे कमिट, आपल्या जनकाची ओळख स्वतःमध्ये बाळगते. विलीनीकरणाच्या कमिटला दोन किंवा अधिक जनक असतात. त्यामुळे 'हा बदल विलीन झाला काय?' या प्रश्नाचे रूपांतर 'हा कमिट या शाखेच्या पूर्वजांत आहे काय?' या प्रश्नात होते. नव्याने विलीनीकरण करताना गिट दोन्ही शाखांचा जवळचा समान पूर्वज शोधते आणि त्यानंतर झालेले बदलच विचारात घेते. वंशावळ हीच येथे नोंदवही असते.

वंशावळीची मर्यादा

ही रचना सुरेख असली तरी वंशावळीबाहेरून आलेला बदल तिला ओळखता येत नाही. एकच कमिट उचलून दुसऱ्या शाखेवर लावला (यास चेरी-पिक म्हणतात) तर मजकूर तोच राहतो, पण ओळखक्रमांक नवा होतो. यावर उपाय म्हणून 'गिट चेरी' ही आज्ञा बदलाच्या आशयाचा ठसा ताडून पाहते. मात्र संघर्ष मिटविताना एखादी ओळ हाताने बदलली असल्यास ठसाही बदलतो. म्हणून लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत मागे नेलेल्या बदलाच्या टिपणात मूळ कमिटचा क्रमांक लिहिण्याची शिस्त आहे. थोडक्यात, हाताने लिहिलेल्या टिपणाची गरज येथेही संपलेली नाही. सर्व कमिट दाबून एकच केले (स्क्वॅश) तरी मूळ शाखा अविलीनच दिसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही पद्धत सर्रास वापरली जाते, आणि कोणाचे काम आले व कोणाचे राहिले हे तपासणाऱ्या मार्गदर्शकाची मग अडचण होते.

विलीनीकरण मागे घेण्याचा प्रकार सर्वांत फसवा आहे. समजा, अकोल्याची शाखा अमरावतीत विलीन झाली, तीत दोष आढळला आणि ते विलीनीकरण 'रिव्हर्ट' करण्यात आले. अकोल्याने दोष दुरुस्त करून शाखा पुन्हा पाठविली. येथे गिट केवळ दुरुस्तीचा नवा कमिट घेते. आधीचे सर्व कमिट वंशावळीत असल्यामुळे ते आलेलेच आहेत असे मानते, मजकुरातून ते काढले गेले असले तरी. आज्ञावली अर्धवट राहते आणि यंत्रणा विलीनीकरण यशस्वी झाल्याचे सांगते. अशा वेळी प्रथम 'रिव्हर्ट'चा कमिटच रिव्हर्ट करावा लागतो, आणि त्यानंतर अकोल्याची दुरुस्त शाखा विलीन करावी लागते.